गुटीत उगाळलेली टांकसाळ

भास्क्या,

परवा तू गेल्यानंतर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो उठला तो तुला शांत, संयमी आणि मितभाषी म्हणत होता. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलोय की काय असं वाटत होतं. मितभाषी! एका नाण्याच्या गुळगुळीत कडेवरून वर्षानुवर्षं माझं डोकं खाणारा माणूस मितभाषी? मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठलोच नाही. माईक हातात घेऊन तुझ्याशी भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय तुझ्याशी बोलायची मला सवय नाही. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना नंतर सांगितलं की घसा बसलाय.

तू लहान मुलांचा डॉक्टर, मी शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणारा. आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. गुजरीत एका सराफाकडं मोडीत एक सोन्याचं नाणं आलं होतं, त्यावर आपण दोघं एकाच दुपारी जाऊन धडकलो. मी आधी आलोय म्हणून मी आवाज चढवला. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "पावणं, आपण भांडत बसलो तर हा संध्याकाळपर्यंत वितळवून मोकळा होईल. आधी नाणं वाचवू, मग काय भांडायचं ते भांडू." नाणं वाचलं. भांडण तेव्हा सुरू झालं ते तू गेलास तरी मिटलेलं नाही.

सुलतानांच्या सोन्याच्या टंक्यांचा नाद आपल्या दोघांना कसा लागला ते मला अजून कळत नाही. शिवराई गोळा केली असती तर चार लोकांनी कौतुक तरी केलं असतं. टंक्यावर राजाचं तोंड नसतं, देव नसतो, हत्ती-घोडा काही नसतो. नुसती अक्षरं. मध्यभागी सुलतानाच्या पदव्या आणि भोवतीनं गोल फिरणाऱ्या बारीक ओळीत नाणं कुठल्या गावच्या टांकसाळीत पाडलं ते, आणि साल. ती ओळ वाचायला म्हणून आपण एका निवृत्त उर्दू हेडमास्तरांकडं अलिफ-बे पासून शिकायला बसलो. दोन बाप्ये पाटी घेऊन. मास्तर तुझं अक्षर बघून म्हणायचे, "डॉक्टरसाब, ये नुस्खा है या अरबी?" तू हसायचास. माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मात्र तू कधी कबूल केलं नाहीस.

कामाची वाटणी चांगली जमली होती. नाणं आधी माझ्या हातात. ते छाप ठोकून पाडलेलं आहे की साच्यात ओतलेलं, हे सांगायचं काम माझं. आयुष्यभर ओतकामच केलं, सोन्यातल्या सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यालासुद्धा मी ओळखतो. मी अस्सल म्हटल्यावर मग तू वाचायचं. आणि इथंच सगळी गोची होती. तू जे आहे ते वाचायचास तसंच जे असावंसं वाटतं तेही वाचायचास. पन्हाळ्यावरचं आठवतंय? तीन दरवाजाजवळ एक बाई टोपलीत 'जुन्या मोहरा' घेऊन बसली होती. तू मला न विचारता एक उचललीस, उन्हात धरलीस आणि तिथंच ओरडलास, "बहमनी! मर्दा, बहमनी हाय!" पितळेवर मुलामा होता. कडेला ओतल्याची शिवण उघड्या डोळ्यांना दिसत होती. मी खाली उतरेपर्यंत तुला बोललो. तू खाली मान घालून म्हणालास, "पण नाव वाचलं की न्हाय मी बरोबर?" हो, वाचलंस. खोट्या नाण्यावरचं नाव बरोबर वाचलंस.

हे सगळं मी आज उगाळत बसलोय कारण लोकांना कळू दे की तुझ्यावर विश्वास न ठेवायला माझ्याकडं कारण होतं.

आता बावड्याचं नाणं.

नव्वद सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. कसबा बावड्यातनं हौसाआजी तुझ्या दवाखान्यात नातीला घेऊन आली. पोरगी चार-पाच महिन्यांची, जुलाबानं सुकून गेलेली. तू नेहमीप्रमाणं गुटीवरून सुरुवात केलीस. बाळगुटीवर तुझा राग सगळ्या कोल्हापुराला माहीत होता. हिरडा, वेखंड, जायफळ, बदाम, सगळं त्या एका सहाणेवर, आणि सहाण धुतलेली नाही. तू विचारलंस, "आणि काय काय उगाळता?" आजी म्हणाली, "सोनं. शेवटी सोन्याचे दोन वेढे." आणि कमरेच्या पिशवीतनं चिंधीत बांधलेलं नाणं काढून तिनं टेबलावर ठेवलं.

टेबलावर. तुझा हात पुढं होता, तरी टेबलावर. आधी तिनं "डाक्टर, तुमी कुठलं?" असं विचारून झालं होतं आणि तू गावाबरोबर जातही सांगून टाकली होतीस. हे तू मला हसत हसत सांगितलंस. मी भडकलो. नात चालते हातात द्यायला आणि नाणं नाही? तू म्हणालास, "नात दिली न्हवं? मग झालं की." तुझ्या ह्या असल्या शहाणपणानं माझं डोकं जेवढं फिरलंय तेवढं कुठल्या खोट्या नाण्यानंही फिरलं नाही.

तर तू ते नाणं उचललंस. तुझ्या म्हणण्याप्रमाणं अलाउद्दीन खिलजीचा टंका. मध्ये 'दुसरा सिकंदर' ही त्याची पदवी, आणि कडेच्या ओळीत टांकसाळ देवगिरी. दिल्लीचा असता तर त्यात काही विशेष नव्हतं, ते बऱ्याच जणांकडं आहेत. पण देवगिरी! आपल्याच मुलखात, यादवांच्या राजधानीत पाडलेलं सोनं. असलं नाणं आपण दोघांनी तोपर्यंत फक्त पुस्तकात बघितलं होतं. आणि तू काय केलंस? वाचलंस आणि परत दिलंस.

ठसा घेतला नाहीस. कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली नाहीस. फोटो नाही. मला फोन नाही. माझ्याकडं फौंड्रीत मेण आहे, बारीक वाळू आहे. पाच मिनिटांत त्या कडेचा असा ठसा दिला असता की अक्षर न् अक्षर उठलं असतं. मी हे बोललो तेव्हा तू एकदाच खरा चिडलास. "आरं, पोरीचं डोळं खोल गेलतं. शीर सापडत नव्हती. तुझं मेण कुठल्या हातानं धरू?"

बरं, तेव्हा नाही तर नंतर. पोरगी बरी झाली, घरी गेली. मग जायचं होतंस की बावड्याला. तुझ्या दवाखान्यापासून रिक्षानं जायचं अंतर. पण तुझा नियम होता: पेशंटच्या घरात नाण्यासाठी पाऊल टाकायचं नाही. "एकदा नाणं बघायला गेलो की त्या घरात मी डॉक्टर ऱ्हात न्हाय, गिऱ्हाईक हुतो." वाक्य ऐकायला छान आहे. पण ह्या नियमापायी आपल्या हातून काय काय गेलं, त्याचा हिशेब मी मांडत नाही, कारण रक्तदाब वाढतो.

आणि त्याच्यावर कडी म्हणजे तू तिला गुटी बंद कर असंही म्हणाला नाहीस. साऱ्या कोल्हापूरच्या आयांना झापणारा तू, हौसाआजीला म्हणालास, सहाण उकळत्या पाण्यानं धुवा, नाणं धुवा, आणि उगाळायचंच असेल तर दुसऱ्या बाजूनं उगाळा. म्हणजे टांकसाळीची ओळ तेवढी वाचेल. मी विचारलं, सरळ 'बंद करा' का नाही म्हणालास? तर म्हणे, "म्हातारी गुटी सोडणार न्हाय, मला सोडंल. मग पुढच्या वेळी पोर घिऊन कुठं जाईल?" तुझं म्हणणं पटलं की मला जास्त राग येतो हे तुला ठाऊक होतं.

पण 'दुसऱ्या बाजूनं' ह्या दोन शब्दांनी काय घोळ केला बघ. घर मोठं, एकत्र. दर दीड-दोन वर्षांनी पाळणा हलायचा. पहिल्या सुनेनं दुसऱ्या बाजूनं उगाळलं. तिच्या मागनं धाकटीची पाळी आली, तिला सांगितलं गेलं, डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूनं सांगितलंय. मोठीनं ही बाजू वापरली म्हणजे दुसरी ती, असा सरळ हिशेब करून तिनं नाणं उलटं केलं. मग तिसरीनं पुन्हा उलटं. सगळ्याजणी तुझी आज्ञा इमानेइतबारे पाळत होत्या. तुझ्या सांगण्यावरून त्या घरानं नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या झिजवल्या.

मी ते नाणं पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. रविवारची दुपार, तुझ्या दवाखान्याची मागची खोली, चहा आणि खारी. हौसाआजी आपण होऊन आली. सोनं फार पातळ झालंय का बघा, म्हणाली. ह्या वेळी तिनं नाणं सरळ तुझ्या तळहातावर ठेवलं. तू माझ्याकडं बघितलंस. ते मला दिसलं होतं भास्क्या, पण मी भिंग लावून बसलो होतो. नाणं अस्सल, वजनाला तोळ्याच्या आत उतरलेलं. मध्ये 'दुसरा सिकंदर' अजून उमटून दिसत होता. आणि जिथं टांकसाळ असायला हवी तिथं, चहाची बशी जशी असते तसं स्वच्छ, गुळगुळीत सोनं.

तिथून आपलं खरं भांडण लागलं. तू म्हणायचास देवगिरी, मी म्हणायचो पुरावा. तू म्हणायचास मी वाचलंय, मी म्हणायचो पन्हाळ्यावर पण वाचलं होतंस. तू म्हणायचास टांकसाळ आणि साल दोन्ही वाचलं. मी म्हणायचो साल तर तू मुळीच वाचलेलं नसणार, कारण सालाची अक्षरं ओळीच्या शेवटी असतात, सगळ्यात बारीक असतात आणि तुझा चष्मा तेव्हा जुना होता. आपल्या नाणेमंडळाचा वार्षिक अंक मी काढायचो. त्यात मी त्या नाण्यापुढं छापलं, 'टांकसाळ: वाचता येत नाही.' तू अंक माझ्यासमोर वाचलास, घडी घातलीस आणि म्हणालास, "वाचता येत न्हाय असं न्हवं. तुला वाचता आलं न्हाय, असं छाप." पुढचे दोन रविवार तू आला नाहीस. तिसऱ्या रविवारी आलास ते दारातनंच "देवगिरी" म्हणत.

मी बरोबरच होतो. आजही तेच करीन. नाण्याचं शास्त्र कुणाच्या चांगुलपणावर चालत नाही. तू चांगला माणूस आहेस म्हणून छापायचं असतं तर पन्हाळ्याची पितळ पण छापावी लागली असती.

एक सांगतो, आजवर बोललो नव्हतो. मंदीत माझी फौंड्री बंद पडायला आली होती. भट्टी थंड, कामगार दारात उभे. सगळे येऊन धीर देऊन जायचे, आणि प्रत्येक धीर देणारा गेला की मी जास्त खचायचो. तू आलास, बसलास, खिशातनं नाणं काढून पुढं ठेवलंस. "ठोकलेलं का ओतलेलं, सांग." त्या नाण्यावर आपण अंधार पडेपर्यंत भांडलो. तू गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सबंध दुपार मला भट्टी आठवली नव्हती. असे किती रविवार आलास तू. मी एकदाही थँक्यू म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, 'आधी देवगिरी म्हण.'

तर काल मी तुझा नियम मोडला. बावड्याला गेलो. हौसाआजीनं बोलावणं केलं होतं. तुझ्या कार्यक्रमाला ती आली होती, तिथं माणसांतनं मला गाठून म्हणाली होती, "एकदा घराकडं या, काम हाय." साखर कारखान्याच्या अंगाला घर, मळीचा वास, दारात म्हशी. घरात नवीन बाळ. तिच्या नातवाचं. म्हणजे पुढची पिढी सहाणेवर यायला तयार.

आजीनं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "डाक्टर तर गेलं. आता तुमीच सांगा, कुठल्या बाजूनं?"

मला हसू आलं, आणि मग रडूही. मी नाणं खिडकीशी नेलं. 'दुसरा सिकंदर' आता अर्धाच उरलाय. कडेला तर ह्या बाजूला काही नाही आणि त्या बाजूलाही काही नाही. वाचवायला राहिलंय काय? म्हटलं, "आजी, आता कुठलीही बाजू चालेल. गुटी दिलीच पाहिजे असं न्हाय. पण दिलीच तर सहाण तेवढी उकळत्या पाण्यानं धुवा." बोलून गेलो आणि जीभ चावली. हे माझं वाक्य नव्हतं, तुझं होतं.

आजीनं आत बघून हाक मारली, "गिरे, पावण्यास्नी पाणी आण गं." अकरावीतली पोरगी तांब्या घेऊन आली. आजी म्हणाली, "हीच की ती. डाक्टरांनी जगवलेली."

मी विचारलं, "नाव काय बाळ?"

"सुजाता."

"मग गिरी कुठलं?"

पोरगी लाजली. आजी म्हणाली, "ती मोठी गंमतच झालती. ही सलाईनवर हुती. दोन दिसांनी पयल्यांदा डोळं उघडून रडली, तवा डाक्टरबी हसलं आन् म्हणलं, 'आजी, तुमच्या नातीनं आक्खी देवगिरी खाल्ली की हो!' आमच्या मालकांनी तेच धरलं. देवगिरी, देवगिरी म्हणूनच हाक मारायचं, मरस्तोर. आता नुसतं गिरी ऱ्हायलंय."

मी तिथं कोर्टातल्या वकिलासारखा सुटलो. हे कधीचं? तेव्हाचंच कशावरून? नंतर कधी डॉक्टरांनी सांगितलं नसेल कशावरून? आजी वैतागली. "आवो, हिचं बारसंच आजारपणानं लांबलंवतं. कागदावर नाव नव्हतं तवा ह्येच नाव हुतं. सगळ्या भावकीला इचारा की!" मी विचारलं. खरंच विचारलं, भास्क्या. शेजारच्या घरात गेलो, म्हशी धुणाऱ्या आजीच्या दिराला विचारलं. तो म्हणाला, "व्हय की, देवगिरी. पाळण्यात असल्यापास्नं." म्हणजे ते नाव तू मागाहून रचलेलं नव्हतंस, नाणं झिजायच्या आधीच वाचलं होतंस; आणि नाव तर तू पन्हाळ्यावरही बरोबरच वाचलं होतंस.

तुला हे माहीतच नव्हतं. तुझ्याकडच्या नंतरच्या केसपेपरवर ती सुजाता. तू थट्टेत बोललास आणि विसरून गेलास. तू पुरावा शोधत होतास, मी पुरावा मागत होतो, आणि पुरावा बावड्यात वेणी घालून शाळेला जात होता. एकदा, फक्त एकदा तू चहाला म्हणून त्या घरी गेला असतास तर हाक तुझ्या कानावर पडली असती. पण नाही. नियम!

परत येताना रिक्षात मी एकच विचार करत होतो. त्या दिवशी तुझ्या जागी मी असतो तर? टेबलावर देवगिरीचा टंका आणि समोर ती सुकलेली पोर. मी आधी ठसा घेतला असता. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. अंकात सुंदर फोटो आला असता, ठळक अक्षरांत टांकसाळ छापली असती. आणि काल मला पाणी द्यायला कोण आलं असतं, ते मी पुढं मनात येऊ दिलं नाही.

तर ऐक. टांकसाळ देवगिरी. मान्य. ह्या अंकात तसं छापतो, वाचन तुझ्या नावानं, साक्ष बावड्याच्या भावकीची. इतकी वर्षं जे ऐकायला तू तडफडत होतास ते मी तोंडानं म्हणालो, घरात, मोठ्यानं, तुझ्या रविवारच्या वेळेला. खारी आणून ठेवली होती. बायको आतनं बघायला आली, कुणाशी बोलताय म्हणून.

पण साल मला मान्य नाही. ते तू वाचलेलं नाहीस, शीर शोधता शोधता तुला ते वाचता आलंच नसणार, आणि त्यावरून मी मागं हटणार नाही. हं, बोल आता. गप्प काय बसलायस?